हिरवी घ्यायची नाही

आमच्या वन्संना एक खोड आहे, आणि त्या खोडीपायी मी त्यांच्याबरोबर बाजारात जाणं कधीच सोडून दिलंय. रस्त्याच्या कडेला सायकल उभी दिसली की यांचे पाय थांबलेच. इकडे तिकडे बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, सरळ गुडघ्यावर बसायचं, दोन पेडलांच्या मधल्या जाड नळकांड्याखाली हात घालायचा आणि अंगठ्याने चिखल पुसून तिथला नंबर वाचायचा. बँकेसमोर एकदा एका माणसाने चोर समजून त्यांचा दंड धरला होता. वय चौसष्ट, केस पांढरे, नाकावर जाड चष्मा, असा चोर मी तरी बघितलेला नाही. त्या उठल्या, हात झटकले आणि त्याला म्हणाल्या की सायकल चांगली आहे, चेनला तेवढं तेल घाला. मी समोरच्या फुटपाथवर, या बाई माझ्या कुणी नाहीत असा चेहरा करून उभी होते.

तर अशा वन्संकडे मला मागच्या शुक्रवारी आपल्या पायांनी जावं लागलं. अडलं होतं माझं.

मी पाळणाघरात काम करते, सतरा वर्षं झाली. सकाळी साडेसहाला दार मी उघडते. किल्ल्या माझ्या गळ्यात असतात, झोपतानासुद्धा उशाशी. मी दार उघडलं की आया आपापली पोरं माझ्या हातात देतात आणि पळतात, कुणी कारखान्यात, कुणी दवाखान्यात. घरी आता माझी वाट बघणारं कुणी नाही, मुलगी लग्न होऊन लांब गेली, पण साडेसहाला अकरा पोरं माझी वाट बघत असतात आणि मला तेवढं पुरतं. या वर्षी हिवाळी वेळापत्रक लागलं आणि पहिली बस एकदम पावणेसातवर गेली. घर ते पाळणाघर सात किलोमीटर. मी पाचच्या आधीच चालत निघायचे, तरी पहिल्याच पंधरवड्यात मला दोनदा उशीर झाला. दुसऱ्या वेळी पोहोचले तेव्हा आया पोरांना कोटाच्या आत घेऊन उभ्या होत्या, आणि एका दीड वर्षाच्या पोरीचं नाक लाल होऊन गळत होतं. तिच्या आईने मला काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं.

आमच्या संचालक बाई फार गोड बोलतात. गोड बोलूनच त्यांनी सांगितलं की तिसऱ्यांदा उशीर झाला तर किल्ल्या नव्या मुलीकडे द्याव्या लागतील, आणि तुम्ही मग दुपारी या, फरशा पुसायला, तेवढाच तुमच्या जिवाला आराम. माझा जीव काय अडलाय आरामावाचून. मी घरी येऊन चहाचा कप इतक्या जोरात आपटला की त्याचा कान तुटला. सोमवारपर्यंत सायकल हवी होती. नवी घ्यायची ऐपत नाही, आणि जुनी घ्यायची तर पारख हवी. पारख म्हटली की नाव एकच.

खरं सांगायचं तर वन्संकडे काही मागायचं माझ्या जिवावर आलं होतं. अकरा वर्षं मी त्यांच्यावर राग धरून होते, आणि मी राग धरते तेव्हा नीट धरते. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून वन्संनीच यांना वाढवलं. शाळेत घातलं त्यांनी, सायकल शिकवली त्यांनी, आमचं लग्न लावून दिलं त्यांनी. हे पन्नाशीला आले तरी त्या 'धाकट्या' म्हणूनच हाक मारायच्या. आणि तोच धाकटा दवाखान्यात पडून होता, शेवटचे तीन आठवडे, तेव्हा वन्संनी कारखान्यातली एक पाळी चुकवली नाही. एकही नाही. संध्याकाळी पाळी सुटली की यायच्या, अंगाला गॅसचा वास, दोन्ही हात कोटाच्या खिशात, दाराशी उभ्या राहायच्या आणि अर्ध्या तासात निघायच्या. खाटेपर्यंतसुद्धा येत नव्हत्या. मी दिवस दिवस उशाशी बसलेली, आणि सख्खी बहीण तिकडे नळ्या जोडतेय. हे मी त्यांना तोंडावर कधी बोलले नाही, पण न बोलता जेवढं ऐकवता येतं तेवढं सगळं ऐकवलं.

पण सायकलीतलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, हे मी रागातही नाकारलेलं नाही. सव्वीस वर्षं त्या सायकलच्या कारखान्यात जोडकामावर होत्या. गॅसच्या ज्योतीवर पोलादी नळ्यांचे सांधे लाल करायचे, पितळ नीट वाहावं म्हणून टाकणखार लावायचा आणि पितळेची कांडी टेकवायची. सांधा सगळीकडून सारखा तापला असेल तर पितळ आत ओढलं जातं आणि नळी तिथे आयुष्यभर धरून राहते. एक सांगाडा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकीनेच जोडायचा, आणि झाला की खाली नंबरशेजारी आपली खूण ठोकायची, अशी तिथली रीत. तो कारखाना आता बंद पडलाय. त्याच्या सायकली मात्र अजून शहरभर फिरतात.

शुक्रवारी मी दारातच उभी राहून काम सांगितलं. वन्संनी ऐकून घेतलं, रस्ता कुठून कुठे, पूल लागतो का, मीठ टाकतात का, वाटेत दिवे आहेत का, एवढं विचारलं आणि म्हणाल्या, उद्या नऊला तयार राहा. आढेवेढे नाहीत, आठवण कशी झाली असला टोमणा नाही. मला त्याचाही राग आला.

शनिवारी आम्ही जुन्या सायकलवाल्याकडे गेलो. रेल्वेच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, आत तीस-पस्तीस सायकली एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, आणि मधे कानटोपी घातलेला गडी, रॉकेलच्या डब्यात चेन बुडवत बसलेला. वन्संना बघताच तो उठला. त्याने मला हसत सांगितलं की या बाई दर महिन्याला येतात, सगळ्या सायकली खालून बघतात आणि बहुतेक वेळा काही न घेता जातात, माझी स्वतःची बहीण एवढी येत नाही. वन्संनी त्याला कामाला लाग म्हणून सांगितलं आणि चष्मा पुसला.

मला वाटलं होतं दहा मिनिटांत आटपेल. अडीच तास लागले. मी एक चकचकीत, हलकी, सत्तावीस गिअरची सायकल धरली, तर त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ही अॅल्युमिनियमची, म्हणाल्या, हिला मोडायच्या आधी सांगायची सवय नसते. पोलाद आधी कुरकुरतं, मग वाकतं, मग मोडतं, तुझ्यासारखं. आणि पोलाद पुन्हा जोडता येतं. हिवाळ्याला एवढे गिअर नकोत, त्यात बर्फ आणि मीठ बसलं की सगळे एकाच जागी रुतून बसतात. चाक आणि मडगार्डमधे दोन बोटं जागा हवी, नाहीतर चिखल गोठून चाकच धरतो. टायर रुंद, पेडल उलटं दाबलं की मागचा ब्रेक लागणारी, आणि दिव्याला डायनामो, बॅटरी थंडीत दगा देते. मी मान हलवत होते. एक एक गोष्ट पटत होती आणि पटतेय हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी सायकलवाल्याच्या मांजराशी खेळत होते.

पण नंतर माझ्या हातून मांजर सुटलं. त्यांचं ते बघणं बघावं असंच होतं. प्रत्येक सांगाड्यावरून त्या आधी नुसता हात फिरवायच्या, डोळे मिटून. हँडलखालची नळी जिथे सुरू होते तिथे खालच्या बाजूला अंगठा घासायच्या, कारण पुढून कुठे धडकलेली सायकल तिथे पोट काढते, रंग मारून दिसत नाही पण बोटाला लागतं. एका निळीला तसं पोट होतं. मी त्याच जागी चारदा हात फिरवला, मला काही लागेना. मग त्यांनी माझा अंगठा धरून नेमका टेकवला आणि लागलं, तांदळाच्या दाण्याएवढं. सीटची दांडी ओढून बघायच्या, ती गंजून आत धरली असेल तर सायकल बाद. सांगाडा उचलून उलटा करायच्या आणि कान लावायच्या, आत गंजाचे पापुद्रे खुळखुळतात का. शेवटी खिशातून दोरा काढायचा, पुढच्या नळीला मधून वळसा घालून दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या खोबणीत अडकवायची आणि दोन्ही बाजूंनी मधल्या नळीपर्यंतचं अंतर छोट्या पट्टीने मोजायचं. एका बाजूला जास्त भरलं तर सांगाडा वाकडा. एक करड्या रंगाची दिसायला सरळसोट होती, दोऱ्याने तिचं सोंग उघडं पाडलं. सायकलवाला हातातलं काम टाकून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला होता. त्याने हळूच सांगितलं की बावीस वर्षं धंदा करतोय, पण ही बाई हात लावते ती सायकल मी गुपचूप तिच्यामागून पुन्हा बघून घेतो. मलाही कौतुक वाटत होतं, लपवत कशाला. राग आपल्या जागी होता आणि कौतुक आपल्या जागी.

मग हिरवी निघाली. सगळ्यात मागे, भिंतीला टेकलेली, गडद हिरवी, पिवळी बारीक रेघ, आणि मला हवी ती उंची. तिच्यावर बसले आणि माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले, पाठ सरळ राहिली. वन्संनी हात फिरवला, पोट नाही. दांडी लोण्यासारखी वर आली. कान लावला, आवाज नाही. दोरा लावला, दोन्हीकडे अंतर सारखं. मडगार्डला जागा, रुंद टायर, डायनामो. शेडभोवती मी एक चक्कर मारली आणि किल्ल्या गळ्यातच राहणार हे मला इतकं पक्कं कळलं की मी एकटीच हसले. सोमवारची सकाळ मला समोर दिसत होती.

वन्संनी ती उलटी केली. अंगठा ओला केला, खालचा चिकट थर पुसला आणि चष्मा कपाळावर चढवून नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग तशाच गुडघ्यावर बसून राहिल्या. सायकलवाल्याने वाकून बघितलं आणि खुश झाला. नंबरशेजारी तीन ठिपके होते. तीन ठिपके म्हणजे बाई तुमचीच खूण की, तुमच्याच हातची सायकल तुमच्या भावजयीला, याच्याहून काय हवं. मलाही आनंद झाला, खोटं नाही सांगत. वन्सं उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "हिरवी घ्यायची नाही."

मी का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, नाही म्हणजे नाही. त्यांनी एक तपकिरी सायकल ओढून पुढे आणली, रंग उडालेली, सीट फाटलेली, मडगार्ड गायब. तिच्या खाली छोटी फुली होती. ही माझ्या शेजारच्या टेबलवरच्या बाईच्या हातची, म्हणाल्या, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हीच घे. मी हिरवीचं हँडल सोडायला तयार नव्हते. तिच्यात खोट काय आहे ते दाखवा म्हटलं. तुम्हीच तर सगळं तपासलंत, तुम्हीच तर बनवलीत. त्या नुसत्या हँडलखालच्या सांध्याकडे बघत राहिल्या. आणि सायकलवाल्याला म्हणाल्या की हिरवी मी नेते.

माझं डोकं फिरलं. म्हणजे चांगली दिसली ती स्वतःला. अकरा वर्षं घशाशी अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"भाऊ मरत होता तेव्हा तुम्हाला एक दिवस सुट्टी घेववली नाही," मी म्हटलं, "आता मला एक सायकल द्यायचीही जिवावर येतंय."

सायकलवाला डब्याकडे वळला आणि धुतलेलीच चेन पुन्हा धुवायला लागला. वन्संनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी तो काढला नाही. "उद्या दहाला तपकिरी घेऊन घरी ये," म्हणाल्या. "ब्रेक आणि मडगार्ड बसवायचे आहेत."

रात्रभर मी कुशी बदलत होते. गेले नसते, पण तपकिरीचे पैसे मोजून तिला घरी आणलं होतं, तिचा ब्रेक निकामी होता आणि सोमवार माझ्यासाठी थांबणार नव्हता. जायचं, एक शब्द बोलायचं नाही, ब्रेक बसवून घ्यायचा आणि निघायचं, असं ठरवून रविवारी दहाला गेले.

मागच्या अंगणातून करवतीचा आवाज येत होता. वन्संची तिथे एक खोली आहे, टेबल, त्याला बसवलेली मोठी लोखंडी पकड, गॅसची टाकी, भिंतीला अवजारं ओळीने. हिरवी पकडीत होती. चाकं काढलेली, हँडल काढलेलं, आणि वन्सं तिला लोखंडाच्या करवतीने कापत होत्या. मी ठरवलेलं विसरून ओरडले. चांगली वस्तू अशी कापतं का कुणी. त्यांनी हात थांबवला नाही. जमिनीवर आधीच तीन सांधे उभे चिरून पडले होते, आणि हा चौथा होता, हँडलखालचा, ज्याच्यावर माणसाचा सगळा भार येतो. करवतीचे दात मोजता आले असते इतक्या सावकाश त्यांनी तो शेवटपर्यंत कापला. दोन अर्धुकं वेगळी झाली. त्यांनी ती कापडाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

आधी मला काही कळेना. मग त्यांनी खालच्या तिन्हींतला एक सांधा उचलून शेजारी धरला. त्याच्यात नळी आणि ती जिच्यात बसते ती पोलादी बाही यांच्या मधे पिवळ्या पितळेची बारीक रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे तुटलेली नाही. माझ्या हातातल्यात पितळ नुसतं तोंडाशी होतं, कडेला अंगठी घातल्यासारखं. आत काळा, जळका टाकणखार. बाकी पोकळ. वरून बघणाऱ्याला काहीही कळलं नसतं, त्यांच्या दोऱ्याला, कानाला, अंगठ्यालाही कळलं नव्हतं. कळलं होतं ते फक्त नंबरावरून.

नंबरातले पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. साल अकरा वर्षांपूर्वीचं होतं. आठवडा सत्तेचाळिसावा. मला आठवडे मोजता येत नाहीत, पण तो आठवडा मला मोजावा लागला नाही.

"तू म्हणतेस ते खरं आहे, मी एक पाळी चुकवली नाही," वन्सं म्हणाल्या. "दवाखान्यात बसलं की मला श्वास येईना. वाटलं, हाताला काम असलं तर जीव थाऱ्यावर राहील. नाही राहिला गं. ते तीन आठवडे मी कारखान्यात नव्हतेच. मी तिथेच होते, धाकट्याच्या खाटेपाशी. तुझ्या हातात आहे ते बघ ना."

मी बघत होते.

बाकीचं त्यांनी ब्रेक बसवता बसवता सांगितलं, माझ्याकडे न बघता, कारण तसं सांगणं सोपं जातं. हात इतके थरथरायचे की बोटं ज्योतीत जायची, म्हणून दवाखान्यात खिशाबाहेर काढायची नाहीत, धाकट्याला दिसली असती तर त्याने विचारलं असतं. पुढच्या वसंतात एक टपालवाला हँडलखाली तडा गेलेली सायकल घेऊन कारखान्यात आला. त्याला लागलं नव्हतं. खाली तीन ठिपके होते. वन्संनी तो सांधा कापून बघितला, मग तो तुकडा घेऊन त्या वरच्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या की त्या तीन आठवड्यांतले माझे सगळे सांगाडे परत मागवा. साहेब म्हणाले, विकलेला माल परत बोलवत नसतात, तोंड बंद ठेवा. मग त्यांनी आपल्या परीने शोधायला सुरुवात केली. त्यांनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला खडूने त्या तीन आठवड्यांतल्या सांगाड्यांचे एक्केचाळीस नंबर लिहिलेले होते, सव्वीसांवर रेघ मारलेली. कुणाकडून सायकल विकत घेतली, कुणाला सांगून सांधा नव्याने जोडून दिला, कुणाची नुसती कापून टाकली. सगळे काही पोकळ नव्हते. पण कुठला आहे आणि कुठला नाही हे मला आठवत नाही, म्हणाल्या, आणि तीच तर भीती आहे.

त्यांनी खडू घेतला आणि हिरवीच्या नंबरावर रेघ मारली. सत्तावीस.

माझ्या डोळ्यांसमोर बँकेसमोरचा तो माणूस आला, आणि समोरच्या फुटपाथवरची मी. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिथल्या स्टुलावर बसून रडले, मोठ्याने, नाक पुसत. वन्संनी मला रडू दिलं. मग हात पुसून माझ्याजवळ आल्या आणि उभ्या राहिल्या, आणि मी पहिल्यांदा त्यांची बोटं नीट बघितली. डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना रेषाच नाहीत, गुळगुळीत आहेत. अकरा वर्षं माझ्या घरी चहाचा कप त्याच बोटांनी धरत होत्या.

मला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"काय सांगणार? तुझा नवरा गेला होता," त्या म्हणाल्या. "तुला रागवायला कुणीतरी हवं होतं."

सोमवारी पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी तपकिरीवर बसले. वन्संनी तिला मडगार्ड बसवले होते, सीटवर जाड चामडं शिवलं होतं, हँडलला हातमोज्यांसकट बोटं मावतील असे आडोसे लावले होते. थंडी अशी की डोळ्यांतून पाणी यावं आणि गालावर पोचेपर्यंत गार पडावं. रस्ता काळा दिसत होता, म्हणजे त्यावर पातळ बर्फ होता. वन्संनी सांगितलं होतं की वळणावर ब्रेक नाही, हँडलला हिसका नाही, पुढे बघ आणि पाय चालू ठेव. मी बावीस वर्षांनी एवढ्या लांब सायकल चालवत होते आणि तोंडाने पुटपुटत होते, पाय चालू ठेव, पाय चालू ठेव. पुलाच्या उतारावर चिखलाने झाकलेला खड्डा मला दिसला नाही. पुढचं चाक दणकन आत गेलं आणि माझा सगळा भार, गळ्यातल्या किल्ल्या, डब्याची पिशवी, सगळं त्या हँडलखालच्या सांध्यावर आलं. दात एकमेकांवर आपटले. सायकल एकदा कुरकुरली, खड्ड्यातून वर आली आणि चालू लागली. उतार संपेपर्यंत माझ्या पाठीवर घाम होता. त्या हातातल्या अर्धुकाचा काळा पोकळ भाग मला पूर्ण रस्ताभर दिसत राहिला.

सहा वाजून बावीस मिनिटांनी मी पाळणाघराचं दार उघडलं. दिवे लावले, हीटर लावला. अकराच्या अकरा पोरं आली, ती लाल नाकवालीही आली, आणि आल्या आल्या तिने माझ्या मफलरला नाक पुसलं. संचालक बाई सातला आल्या तेव्हा घड्याळाकडे बघून हसल्या. मीही हसले, किल्ल्या गळ्यातच होत्या.

पण त्याच्या आधीचं एक राहिलं. लाल नाकवालीची आई पोरीला सोडून बाहेर गेली आणि मी तिच्यामागून गेले. तिची सायकल फाटकाला टेकलेली होती, काळी, जुनी, पुढे पोरीची छोटी सीट बसवलेली. मी सरळ गुडघ्यावर बसले. हातमोजा काढला, अंगठा ओला केला, खालचा चिखल पुसला. तिने जरा घाबरूनच विचारलं की ताई, काय करताय. मी म्हटलं जरा थांबा, नंबर बघते. खिशातून कागद काढला. कपाटाच्या दारावरचे उरलेले चौदा नंबर मी रविवारी त्यावर उतरवून घेतले होते.

तीन ठिपके होते. मी एक एक आकडा कागदाशी लावून बघितला, पुन्हा बघितला. दोन वर्षं आधीचा होता, आठवडा भर उन्हाळ्यातला. कागदावर नव्हता.

मी उठले, गुडघे झटकले. ती माझ्याकडे बघत उभी होती, उशीर होत होता तिला.

"जा तुम्ही निर्धास्त," मी म्हटलं. "आमच्या वन्संच्या हातची आहे, मोडायची नाही. चेनला तेवढं तेल घाला."